नॅसकारमध्ये इंजिनची ताकद मुद्दाम कमी का करतात, आणि नेमकी कशी?

तुमचा प्रश्न असा आहे: नॅसकार या अमेरिकी मोटार-शर्यतींत आधी इतकं ताकदवान व्ही-8 इंजिन बांधायचं आणि मग डेटोना, टॅलाडेगा या मोठ्या ट्रॅकवर त्याचा श्वास कोंडायचा, हे कशासाठी? वेगच आवरायचा तर कॉम्प्युटरमधून मर्यादा का घालत नाहीत?

कारण ट्रॅकमध्येच आहे. टॅलाडेगा हा 2.66 मैलांचा ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक, आणि वळणांवर बँकिंग, म्हणजे आतल्या बाजूला उतार, 33 अंशांचं. तिथे वळणासाठी ॲक्सिलरेटर सोडावाच लागत नाही, त्यामुळे इंजिन देईल तितका वेग मिळत जातो. 1987 च्या एप्रिलअखेर चालक बिल एलियटने तिथे ताशी 212.809 मैलांची, म्हणजे सुमारे 342 किलोमीटरची पात्रता फेरी मारली. त्यानंतरच्या मुख्य शर्यतीत बॉबी ॲलिसनचं टायर फुटलं, गाडी मागची बाजू पुढे होऊन फिरली, हवेत उचलली गेली आणि प्रेक्षकांपुढच्या जाळीवर आदळली. प्रेक्षक जखमी झाले. ताशी दोनशे मैलांच्या वर दीड टनाची गाडी उलटी फिरली की तिच्याखाली हवा शिरते आणि ती उडते. मुळात वेगच कमी करणं भाग होतं. 1988 पासून या दोन ट्रॅकवर रेस्ट्रिक्टर प्लेट सक्तीची झाली. डेटोना 500 या शर्यतीचा पोलचा, म्हणजे सर्वांत वेगवान पात्रता फेरीचा वेग 1987 मध्ये ताशी 210.364 मैल होता, 1988 मध्ये तो 193.823 वर आला. (1994 मध्ये छतावरच्या झडपाही आल्या. गाडी उलटी फिरली की त्या उघडतात आणि उचल मोडतात. ताकद कमी करण्याइतकंच मी त्यांना महत्त्व देतो.)

प्लेट म्हणजे चार गोल भोकांची ॲल्युमिनियमची पट्टी, कार्ब्युरेटर (हवा-इंधन मिसळणारा भाग) आणि इनटेक मॅनिफोल्ड (ते सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्या) यांच्या मध्ये बसवलेली. आता आकडे बघा. इंजिन 358 क्युबिक इंचांचं, म्हणजे सुमारे 5.87 लिटरचं. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा सिलिंडर भरतं, म्हणून 9000 आरपीएमला (मिनिटाला 9000 फेऱ्या) त्याला मिनिटाला साधारण 26,000 लिटर हवा हवी. भोकं 1 इंचाची असतील तर चारींचं मिळून क्षेत्रफळ जेमतेम 20 चौरस सेंटिमीटर. एवढ्याशा वाटेतून हवेचा वेग आवाजाच्या वेगाजवळ पोचला की इंजिनने कितीही ओढलं तरी जास्त हवा येत नाही. हवा नाही, म्हणून इंधन नाही, म्हणून ताकद नाही. पुढे भोकं 7/8 इंचापर्यंत आली. व्यासात फरक 3 मिलिमीटरच, पण क्षेत्रफळ 23 टक्क्यांनी घटतं. आठशे हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन त्यामुळे साडेचारशेच्या आत यायचं. भोकं पुन्हा पुन्हा लहान का करावी लागली? इंजिनवाले कॅमशाफ्ट, हेड आणि मॅनिफोल्ड प्लेटसाठीच खास बनवू लागले आणि गमावलेली ताकद थोडी थोडी परत मिळवत गेले म्हणून.

ताकद इतकी कापावी लागते, कारण हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग 10 टक्क्यांनी उतरवायचा तर ताकद सुमारे 27 टक्क्यांनी कमी करावी लागते.

भोकाचा आकारही महत्त्वाचा. सपाट प्लेटच्या तीक्ष्ण कडेवर हवेचा झोत आकसतो, आणि भोकाच्या खऱ्या क्षेत्रफळाचा पुरता उपयोग होत नाही. जाड, निमुळत्या भोकांचा टेपर्ड स्पेसर हवा वळवून नेतो, म्हणून इंजिन जास्त नीट चालतं. 2019 च्या डेटोना 500 नंतर प्लेट गेली आणि तिथे स्पेसर आला. त्या वर्षी 0.922 इंचाच्या भोकांनी मोठ्या ट्रॅकवर सुमारे 550, तर 1.17 इंचाच्या भोकांनी बाकीच्या ट्रॅकवर 750 हॉर्सपॉवर ठेवली गेली. तरीही त्या एप्रिलमध्ये टॅलाडेगाच्या सरावात वेग 204 मैलांवर गेला आणि स्पॉयलरवर (गाडीच्या मागच्या हवा अडवणाऱ्या पात्यावर) 1 इंचाची पट्टी वाढवावी लागली. 2022 च्या नव्या गाडीत हे आकडे 510 आणि 670 झाले. आपल्याकडे पुण्या-मुंबईचे कॉलेज-संघ फॉर्म्युला भारत या विद्यार्थी-स्पर्धेसाठी गाडी बनवतात तेव्हा 20 मिलिमीटरच्या रेस्ट्रिक्टरशी याच गणिताने झुंजतात. तिथेही सपाट चकती न लावता व्हेंच्युरीच (मध्ये हळूहळू निमुळती होऊन पुन्हा रुंदावणारी नळी) बनवावी.

आता कॉम्प्युटरचा प्रश्न. 2011 पर्यंत या गाड्यांत कार्ब्युरेटर होता, फ्युएल इंजेक्शन 2012 मध्ये आलं, म्हणजे आधी ही सोयच नव्हती. पण आजही मी वेगाची कडक मर्यादा सुचवणार नाही. समोरच्या गाडीच्या आडोशाला मागची गाडी जास्त वेग घेते. त्यावरच ओव्हरटेक चालतं. नेमक्या त्या क्षणी इग्निशन कापलं गेलं तर मागच्या फुटाभरावरची गाडी येऊन आदळेल. हवेची अडवणूक मात्र हळुवार असते, ताकद एकदम तुटत नाही.

याची किंमत मोठी आहे. सगळ्यांची ताकद सारखी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, त्यामुळे कुणी सुटून पुढे जात नाही. तीस-चाळीस गाड्या घोळक्याने धावतात, एक घसरली की वीस अडकतात. चुकून पाय उचलला तर गेलेला वेग परत यायला फार वेळ लागतो, कारण जोर लावायला शिल्लक ताकदच नसते. लहान ट्रॅकवर तर प्लेट अगदीच चुकीची. 2000 मध्ये न्यू हॅम्पशायरला ॲडम पेटी आणि केनी अर्विन या चालकांचे मृत्यू झाल्यावर तिथे प्लेट लावली. सप्टेंबरची ती शर्यत जेफ बर्टनने 300 पैकी 300 लॅप आघाडीवर राहून जिंकली. तिथे वळणाला ब्रेक लागतो, बाहेर पडताना जोर लागतो, आणि नेमका तोच प्लेट काढून घेते.

प्लेटवरची लबाडी बहुधा एकच असते: प्लेटच्या खालून चोरून हवा घेणं. गॅस्केटची फट, मॅनिफोल्डच्या बोल्टच्या भोकातून काढलेली वाट, हेडजवळची भेग. म्हणून नॅसकारमध्ये प्लेट असताना आयोजकच ती वाटायचे आणि शर्यतीनंतर परत घ्यायचे. गल्लीतल्या ट्रॅकवर तुम्हाला तपासायचं असेल तर भोकं गो/नो-गो पिनने मोजा (एक टोक भोकात शिरलं पाहिजे, दुसरं जाडसर टोक शिरता कामा नये). मग इंजिन आयडलला ठेवून वरचं तोंड जाड रबरी चकतीने पूर्ण बंद करा. इंजिन लगेच गुदमरून थांबलं पाहिजे. थांबलं नाही, तर हवा दुसरीकडून येते आहे. ती जागा सापडेपर्यंत गाडी ट्रॅकवर सोडू नका.