वितळलेल्या खडकापासून नवी जमीन कशी तयार होते?

पृथ्वीच्या पोटात सगळीकडे लाव्हाच भरलेला आहे का आणि त्यापासून नवी जमीन कशी तयार होते, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापूरचा, आमचे शहर ज्या काळ्या कातळावर उभे आहे तो एके काळी वाहता लाव्हाच होता, त्यामुळे हा प्रश्न मला अगदी जवळचा वाटतो.

पृथ्वीच्या बाहेरच्या कवचाखालचा खडकांचा जाड थर म्हणजे प्रावरण; ते द्रवरूप नसून जवळजवळ संपूर्ण घन आहे. तेथील उष्णता प्रचंड असली, तरी वरच्या खडकांच्या दाबामुळे ते वितळू शकत नाही. हाच तप्त खडक अतिशय संथपणे वर सरकू लागला की त्याच्यावरील दाब उतरतो आणि त्याचा थोडासा अंश वितळतो. म्हणजे वेगळी उष्णता न मिळताही खडकाचा रस होतो. हा शिलारस भोवतालच्या खडकापेक्षा हलका असल्याने फटींमधून वर चढतो.

नवे कवच सर्वाधिक तयार होते ते समुद्राच्या तळाशी, आपल्या नजरेआड. सुमारे 65,000 किलोमीटर लांबीच्या सागरी पर्वतरांगांवर भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचे विशाल तुकडे, एकमेकांपासून दूर सरकतात आणि मधली फट शिलारस भरून काढतो. थंडगार पाण्यात आल्याबरोबर त्याच्यावर कठीण साय धरते आणि उशांसारखे गोळे एकावर एक साचत जातात. अटलांटिक महासागरात हे सरकणे वर्षाला साधारण अडीच सेंटीमीटर, म्हणजे सत्तर वर्षांच्या आयुष्यात माणसाच्या उंचीएवढे. तरीही अशा रीतीने सहा-सात किलोमीटर जाडीचे सागरी कवच घडले आहे. जुने कवच खोल गर्तांपाशी पुन्हा प्रावरणात शिरते, म्हणूनच पृथ्वी फुगत नाही आणि महासागरांच्या तळाचा बहुतेक खडक 20 कोटी वर्षांहून जुना सापडत नाही.

समुद्राबाहेर डोके काढणारी जमीन त्या मानाने थोडी. आइसलँडजवळ नोव्हेंबर 1963 मध्ये सुर्त्सी बेट पाण्यातून वर आले आणि 1967 पर्यंत वाढत राहिले. मात्र लाटांनी त्याचा बराच भाग पुन्हा झिजवला आहे.

आमच्याकडचा उद्रेक याहून कितीतरी मोठा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले आणि आज उरलेले त्यांचे क्षेत्रच जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर भरते. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे हेच प्रवाह होत. बेळगावच्या बाजूला मात्र हा थर पातळ होत जाऊन संपतो. काळ्या दगडाचा एखादा तुकडा हातात घेऊन पाहा: त्यात बारीक पोकळ्या आढळतात आणि पुष्कळदा त्यांत पांढरे स्फटिक भरलेले असतात. थिजत चाललेल्या लाव्हात अडकलेले वायूचे बुडबुडे म्हणजे त्या पोकळ्या. स्फटिक मागाहून झिरपलेल्या पाण्यातून जमले. पन्हाळ्याच्या माथ्यावरचा तांबडा जांभाही मुळात हाच खडक, दीर्घकाळच्या उष्ण, पावसाळी हवामानात कुजून लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलेला.

या लाव्हाचा उगम ज्या तप्त स्रोतातून झाला असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात, त्याच्यावरून भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत आला. आज त्याच स्रोतावर हिंदी महासागरातील रियुनियन बेट असून तेथील ज्वालामुखी अजूनही लाव्हा ओकत आहे.