समाचार घ्यायचा तर

प्रिय मुली, सलाम.

तुझं पत्र वाचलं. दरमहा पैसे देऊन एखाद्या परदेशी मुलाचं स्पॉन्सर व्हायचं तुझ्या मनात आहे. तीन आठवडे तू रोज रात्री संस्थेचं ते पान उघडतेस, मुलांचे फोटो बघतेस आणि बंद करतेस. एकाला घेतलं तर बाकीच्यांचं काय? एच-वन व्हिसावरची नोकरी गेली तर? पैसे पोचतात का? न्यू जर्सीत बसून युगांडातल्या लेकराला पोसायचं म्हणजे जुन्या मिशनरी साहेबाची नक्कल तर नव्हे? द्यावं की नाही हा तुझा प्रश्नच नाही, तेव्हा त्यावर मी शाई घालवत नाही.

बायबलमधलं याकोब 1:27 तुला पाठ आहे. ‘अनाथांचा व विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणे’ असं तिथे लिहिलंय. पैसे धाडणे असं लिहिलेलं नाही. एरवी आपण एखाद्याचा समाचार घेतो म्हणजे त्याला झाडतो. मूळ ग्रीक शब्द मात्र जाऊन भेटण्याचा, विचारपूस करण्याचा आहे. जेवढ्यांचा समाचार तू घेऊ शकतेस तेवढंच हाती घे. तुझ्या चारही प्रश्नांना माझं उत्तर हेच.

आधी हिशेब. महिना 40 डॉलर धरले तर वर्षाचे 480. पाच वर्षांचं मूल घेतलंस तर अठरापर्यंत 13 वर्षं, म्हणजे 6,240 डॉलर. रक्कम तुला जड नाही, वर्षं जड आहेत. तुझ्या व्हिसाची तुला खात्री नाही, तर गोड चेहऱ्याची पाच वर्षांची मुलगी घेऊ नकोस. तिला कोणीतरी घेईलच. बारा-तेरा वर्षांचा मुलगा घे. असे मुलगे यादीत फार काळ पडून असतात आणि त्याच्यासाठी पाच-सहा वर्षं पुरतात. मध्येच नोकरी गेली तरी काही काळ निभावेल इतके पैसे, साधारण वर्षभराचे हप्ते, वेगळे काढून ठेव. दशमांशातून, म्हणजे मंडळीला (चर्चला) द्यायच्या दहाव्या हिश्शातून, काढू नकोस, मंडळीचा वाटा मंडळीला.

संस्था कशी चालते ते विचार. दोन पद्धती आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. कम्पॅशनसारख्या संस्थेत गावातल्या मंडळीचं केंद्र असतं, तिथे मुलाचं नाव नोंदलेलं असतं आणि एक मूल, एक स्पॉन्सर असा हिशेब असतो. वर्ल्ड व्हिजनच्या पद्धतीत तुझे पैसे त्या भागाच्या कामात एकत्र जातात: पाणी, शाळा, आरोग्य. मूल तिथे त्या भागाच्या वतीने तुझ्याशी बोलतं. दोन्हींत लबाडी नाही, पण दुसऱ्या पद्धतीत पैसे देऊन ‘माझ्या मुलाला काय मिळालं’ म्हणून रुसायचं नाही. जमाखर्चासाठी फॉर्म 990 बघ, संस्था अमेरिकेच्या करखात्याला दरवर्षी देतात तो. चर्च म्हणून नोंदलेल्या संस्थांना तो भरावा लागत नाही, त्यांच्याकडून लेखापरीक्षण झालेला ताळेबंद मागव. मुलाच्या घरच्यांना परस्पर पैसे पाठवशील तर करसवलत तर नाहीच, शिवाय शेजारच्या दहा घरांशी त्यांचं वैर लावून देशील.

आता पत्रं. इथेच बहुतेक जण गळतात, आणि मी चिडतो तेही इथेच, कारण पत्राचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. खात्यातून पैसे आपोआप जातात, त्याला विश्वास लागत नाही. दर दोन महिन्यांनी एक पत्र लिही. दीडशे शब्द पुरे. तुझं इंग्रजी युगांडातल्या कार्यालयात जातं, पूर्वेच्या तेसो भागातलं, सोरोटीकडचं मूल असेल तर तिथे कोणी त्याचं आतेसो भाषेत करतो, मग ते केंद्रावर पोचतं आणि बहुतेक ठिकाणी शनिवारी मुलाच्या हातात पडतं. दोन ते तीन महिने धर. तिथे शाळेचं वर्ष फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतं आणि सातवीनंतरची मोठी परीक्षा नोव्हेंबरात असते. परीक्षेच्या शुभेच्छा ऑक्टोबरात लिहिशील तर निकालाच्या वेळी पोचतील. ऑगस्टमध्येच लिही.

वाक्यं लहान ठेव. वाक्प्रचार नकोत, अनुवादकाच्या हातात त्यांचा चोथा होतो. घर, गाडी, विमानप्रवास यांतलं काही नको. ‘एक दिवस मी तुला भेटायला येईन’ हे तर कधीच नको. मूल ते वर्षानुवर्षं धरून बसतं. ‘तू कसा आहेस’ याला ‘बरा आहे’ याखेरीज उत्तर येत नाही. त्यापेक्षा असं लिही: ‘काल मी भुईमुगाच्या शेंगा उकडल्या. माझी आजी त्यात मीठ जास्त घालायची. तुमच्याकडे शेंगा भाजतात की उकडतात? घरात त्या कोण सोलतं?’ तेसो भागात भुईमूग घरोघरी असतो. या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर आहे, आणि या विषयात तो तुझ्याहून जाणता आहे. साहेबाच्या नकलेची भीती होती ना? त्याला हा एवढा उपाय.

उत्तरं सुरुवातीला सारखी दिसतील: देवाच्या कृपेने बरा आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा, खाली काढलेलं एक झाड. लहान मुलांची पत्रं केंद्रातली बाई लिहिते. त्यावरून ‘सगळं छापील आहे’ असा निवाडा करू नकोस. युगांडात पहिली ते तिसरी बऱ्याच शाळा स्थानिक भाषेत शिकवतात, चौथीपासून इंग्रजीकडे वळतात. तिथून पुढे मोडकं का होईना, त्याचं स्वतःचं वाक्य यायला लागतं. तोवर थांबायचं. समाचार एका भेटीत घेऊन होत नाही.

वाढदिवसाची भेट वस्तू म्हणून नको, रक्कम दे. केंद्रातले लोक घरच्यांना विचारून शेळी, गादी किंवा छपराचे पत्रे घेतात आणि फोटो येतो. तो फोटो स्टेटसला लावू नकोस. उजवा हात, डावा हात, तू जाणतेस.

उपयोग होतो का? अर्थतज्ज्ञ ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी कम्पॅशनच्या कामाचा सहा देशांत 10,144 जणांवर अभ्यास केला, युगांडा आणि भारतही त्यात होते. 2013 मध्ये तो छापून आला. स्पॉन्सर असलेली मुलं सरासरी 1.03 ते 1.46 वर्षं जास्त शिकली. पत्रांचा परिणाम त्यात वेगळा मोजलेला नाही, हे तू मला ऐकवशील. ऐकव. मी पत्रांवरच अडून राहणार.

कधी सगळं नीट करूनही तुटतं. कम्पॅशनला केंद्र सरकारने परदेशी पैशांसाठीच्या पूर्वपरवानगीच्या यादीत घातलं आणि मार्च 2017 मध्ये तिने भारतातलं काम बंद केलं. सुमारे दीड लाख मुलांची नाती एका झटक्यात थांबली. स्पॉन्सरांच्या हातात काही नव्हतं. म्हणून पुढच्या पत्रात लिहू म्हणून काही राखून ठेवू नकोस. आणि मधूनच सोडायची वेळ तुझ्यावरच आली तर गुपचूप हप्ता बंद करू नकोस. संस्थेला कळव, शेवटचं पत्र लिही. मूल केंद्रातून काढलं जात नाही, दुसरा स्पॉन्सर शोधतात. पण त्याच्या बाजूने फक्त एवढंच दिसतं की पत्रं यायची थांबली. नाती तुटतात ती कित्येकदा अविश्वासाने नव्हे, हप्ता जातो त्या क्रेडिट कार्डाची मुदत संपल्यामुळे. तुझं कार्ड कधी संपतं ते कॅलेंडरवर लिही.

बॉस्टनमध्ये 1887 साली पंडिता रमाबाईंच्या कामासाठी संघटना उभी राहिली, तेव्हा सभासदांनी वर्षाला निदान एक डॉलर, दहा वर्षं, असं वचन दिलं होतं. त्या बळावर 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. एक डॉलर! पण दहा वर्षं. माझा हट्ट जुनाच आहे म्हणायचा.

आज रात्री फोटो बघत बसू नकोस. तेरा वर्षांचा मुलगा निवड आणि शेंगांचं पत्र लिही. ते मला दाखवायला पाठवू नकोस, सरळ त्याला पाठव.

तुझा काका