वाचकांचे प्रश्न : हातपंपाचे पाणी, तांबूस गाळ आणि आर्सेनिक

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त पश्चिम बंगालमधील नदिया जिल्ह्यात राहतो. तेथील हातपंपाचे पाणी उपसताना स्वच्छ दिसते, पण कळशीत रात्रभर ठेवले की तळाशी तांबूस गाळ बसतो. त्या पाण्यात आर्सेनिक असते. मात्र गाळाबरोबर तेही खाली बसते, तेव्हा वरचे पाणी प्यायला हरकत नाही, असे शेजारी सांगतात. आसपास एकही कारखाना नसताना हे विष आले कोठून, आणि शेजाऱ्यांच्या म्हणण्यात कितपत तथ्य आहे?

उत्तर : शेजाऱ्यांचे निरीक्षण बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र धोक्याचा आहे.

बंगालच्या भूजलातील आर्सेनिक नैसर्गिक आहे. हिमालयातील खडक झिजून गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळातून ते खाली आले, आणि येताना वाळूच्या व मातीच्या कणांवर चढलेल्या लोहाच्या गंजासारख्या पातळ लेपाला चिकटून राहिले. या लेपातील खनिजांचे कण इतके सूक्ष्म असतात की, एका ग्रॅमचा पृष्ठभाग 200 चौरस मीटरांहून, म्हणजे दोन गुंठ्यांहून, अधिक भरू शकतो. शिवाय आर्सेनेट हे रूप या पृष्ठभागावर नुसते टेकत नाही, तर ऑक्सिजनच्या दुव्याने थेट लोहाशी रासायनिक बंध जोडते. त्यामुळे लेप शाबूत असेपर्यंत पाण्यात आर्सेनिक फारसे उतरत नाही.

बिघडते ते लेप विरघळल्यावर. गाळाबरोबर पालापाचोळा आणि इतर सेंद्रिय पदार्थही गाडले जातात. ते कुजवणारे सूक्ष्मजीव आधी पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मग श्वसनासाठी या लोहाचाच वापर करतात. त्यात लोहाचे क्षपण होऊन, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळून, ते पाण्यात विरघळते, आणि त्याला चिकटलेले आर्सेनिकही मोकळे होते. म्हणूनच तेथे उथळ थरांतील करड्या वाळूचे पाणी बहुधा दूषित निघते, तर लेप टिकून राहिलेल्या नारिंगी-तपकिरी वाळूचे पाणी सहसा बरे असते. बांगलादेशातील बोअर खणणारे कारागीर वर येणाऱ्या वाळूचा रंग पाहून नळी कोठवर न्यायची ते ठरवतात; रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यांची ही पारख अगदी योग्य आहे. दुर्दैव असे की, तलावांच्या पाण्यातून होणारे पटकी-अतिसार टाळावेत म्हणून 1970च्या दशकात कूपनलिका मोठ्या प्रमाणावर खोदल्या गेल्या, आणि 1980च्या दशकाच्या आरंभी कोलकात्यातील त्वचारोगतज्ज्ञांकडे आर्सेनिकबाधेचे रुग्ण येऊ लागले.

आता कळशीतील गाळाविषयी. विरघळलेल्या लोहाला हवा लागली की त्याचे पुन्हा ऑक्सिडीकरण होऊन तांबूस कण तयार होतात आणि ते जाताजाता थोडे आर्सेनिक पकडून खाली बसतात. परंतु भूगर्भातील ऑक्सिजनविरहित पाण्यात आर्सेनिक मुख्यतः आर्सेनाइट या रूपात असते. त्यावर विद्युतभार नसल्याने ते धरणे तुलनेने अवघड जाते. त्यात पाण्यात फॉस्फेट असले, तर ते पृष्ठभागावरच्या त्याच जागा अडवते. परिणामी आर्सेनिकचा काही अंशच बसतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. मूळ पाण्यात त्याच्या कितीतरी पट असेल, तर नुसते निवळून भागणार नाही. उकळूनही उपयोग नाही, कारण पाणी आटते आणि आर्सेनिक तेवढेच राहते. मुलाला त्या पंपाचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यायला सांगावे, आणि निकाल हाती येईपर्यंत पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी ते वापरू नये.

प्रश्न : शिसे, कॅडमियम यांनाही खनिजे अशीच धरून ठेवतात का?

उत्तर : धरतात, पण नियम उलटा आहे. या धातूंचे आयन धनभारित असल्यामुळे सामू (पाण्याची आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा, pH) वाढला की लोह, मँगनीज यांच्या ऑक्साइडांना ते अधिक चिकटतात. शिसे आम्लधर्मी पाण्यातही बऱ्यापैकी धरले जाते, कॅडमियमला मात्र सामू उदासीनतेच्या आसपास लागतो. आम्लधर्मी शेतजमिनीत चुना घातल्यावर पिकांत उतरणारे कॅडमियम घटते ते यामुळेच. आर्सेनिकच्या बाबतीत हाच उपाय अंगलट येऊ शकतो, कारण सामू फार वाढला की आर्सेनेट पृष्ठभागावरून सुटू लागते.

प्रश्न : आर्सेनिकचे फिल्टर याच तत्त्वावर चालतात का? त्यातील जुने सामान कोठे टाकावे?

उत्तर : होय. रसायनशास्त्रज्ञ अबुल हुस्साम यांनी बांगलादेशासाठी तयार केलेला ‘सोनो’ फिल्टर लोहावरच आधारलेला आहे. त्याला 2007 साली अमेरिकेत ग्रेंजर पारितोषिक मिळाले. लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे भरपूर असल्याने जांभा दगडही आर्सेनिक धरतो, आणि त्यावर प्रक्रिया करून फिल्टर बनवण्याचे काम खरगपूरच्या आयआयटीत झाले आहे. वापरून संपलेले सामान तळ्याच्या चिखलात किंवा शेणाच्या उकिरड्यावर कधीही टाकू नये, कारण तेथे ऑक्सिजन नसतो, सूक्ष्मजीवांना खाद्य मुबलक असते, आणि जमिनीखाली जे घडले तेच तेथेही घडू शकते. ते कोरडे व हवेशीर ठेवावे आणि स्थानिक पाणीपुरवठा विभागाच्या सूचनेनुसार त्याची विल्हेवाट लावावी.