हजेरीची वही पोरांकडंच द्या

प्रश्न : सर, सोलापुरात सेटलमेंट भागातल्या पोरांना मी संध्याकाळी खो-खो शिकवते. ऑस्ट्रेलियात आदिवासी मुलांना खेळाच्या जोरावर शाळेत टिकवतात म्हणे. ते कसं? इथं जमेल का?

उत्तर : ताई, तिथली क्लोंटार्फ फाउंडेशन बघा. २००० साली पर्थमध्ये तिथल्या ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलचे माजी खेळाडू जेरार्ड नीशम यांनी ती सुरू केली. फुटबॉल हे आमिष. शाळेत हजेरी नाही तर संघात जागा नाही. खरी मेख वेगळीच आहे. त्यांचे प्रशिक्षक दिवसभर शाळेतच असतात, पोरगा दिसला नाही तर थेट त्याचं घर गाठतात. कार्यक्रम मुलग्यांपुरताच, हे मात्र मला पटत नाही. १९७१ ला नि पुन्हा १९८० ला विम्बल्डन जिंकणारी इव्हॉन गुलागाँग आदिवासीच ना!

अट तुम्हीही घाला, पण जपून. या पोरांच्या पणज्या-पणजोबांना इंग्रजांनी गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात, म्हणजे याच सेटलमेंटमध्ये, कोंडलं, रोज हजेरी घेतली. तुमची वही पोलिसाची वाटता कामा नये. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेल्याची जागा राखून ठेवा.

नेतृत्वावर भाषणं नकोत. आठवीतल्या एखाद्या पोरीच्या हातात शिट्टी द्या. चुना मारणं, खांब बघणं, वही लिहिणं, धाकट्यांचा सराव, सगळं तिच्याकडं. सुरुवातीला नुसती ओरडेल. ओरडू द्या. आणि एप्रिल-मेमध्ये सराव पहाटेच उरका. आपलं ऊन संध्याकाळीही हटत नाही.