वाचकांचे प्रश्न : गाणे कोणते आणि कॅमेरा कुणाकडे?

प्रश्न : आम्ही चार मित्र मिळून गाणी करतो. सध्या आमची तीन गाणी ध्वनिमुद्रित होऊन तयार आहेत : पाणीटंचाईवरचे एक रॅप, एक भीमगीत आणि एक प्रेमगीत. चित्रीकरणासाठी ज्यांना विचारले ते लग्नाचे शूटिंग करतात. ड्रोन, गिंबल आणि स्लो मोशन असले की कुठलेही गाणे चांगलेच दिसते, तेव्हा तिन्ही गाणी एकाच ठिकाणी दोन दिवसांत उरकून टाकू, असे त्यांचे म्हणणे आहे. प्रत्येक गानप्रकाराच्या व्हिडिओची रीत खरोखर वेगळी असते का, आणि असल्यास ती कशामुळे?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : रीत वेगळी असते, आणि ती कुणा दिग्दर्शकाच्या लहरीतून आलेली नसते. प्रत्येक गानप्रकार कॅमेऱ्यासमोर येण्याआधी कुठे ना कुठे ऐकला जात होता, कुणी मैदानात, कुणी गल्लीच्या तोंडाशी, कुणी माजघरातल्या रेडिओवर. आणि तिथे ऐकणाऱ्याची नजर ज्यावर खिळलेली असे, तेच पुढे त्या प्रकाराच्या व्हिडिओत मध्यभागी येऊन बसले. म्हणून जागा आणि लेन्स ठरवण्याआधी, आपला श्रोता कशाकडे पाहत बसणार आहे, हे ठरवावे लागते.

रॉक संगीतात हे फार ढळढळीत दिसते. त्या संगीताचा श्रोता, हे खरोखर हेच लोक वाजवतात ना, असा संशय मनात धरून बसलेला असतो. त्यामुळे तारांवरची बोटे, ड्रमवर आपटणाऱ्या काठ्या आणि घामाने भिजलेला सदरा त्याला दिसावाच लागतो. प्रत्यक्ष चित्रीकरणात मात्र मागे ध्वनिमुद्रित गाणेच वाजत असते आणि गिटारची वायर कित्येकदा कशालाच जोडलेली नसते. तरीही वाद्य हातात नसेल, तर तो व्हिडिओ रॉकचा वाटत नाही. मेटॅलिका या बँडचा पहिला अल्बम १९८३ सालचा, पण त्यांचा पहिला व्हिडिओ यायला १९८९ उजाडले, आणि त्यातही कृष्णधवल छायेत वाजवत असलेल्या चौघांच्या मध्ये एका जुन्या युद्धविरोधी चित्रपटाची दृश्ये पेरलेली होती.

पॉपला असला पुरावा लागत नाही. तिथे चेहरा, पोशाख आणि नाच हेच भांडवल असते. अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही ही गाण्यांच्या व्हिडिओंची दूरचित्रवाहिनी सुरू झाल्यावर पॉपच्या या रीतीला चोवीस तासांचे दुकान मिळाले, आणि १९८३ मध्ये मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ने एका गाण्याभोवती सुमारे चौदा मिनिटांचा लघुपट उभा केला. कोरियन पॉपने नाच हाच व्हिडिओचा कणा केला : सगळा गट डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत मावला पाहिजे आणि एक हालचाल अशी पाहिजे, की पाहणाऱ्याला ती दुसऱ्या दिवशी वर्गात करून दाखवता यावी. ‘गंगनम स्टाइल’ हा व्हिडिओ २०१२ च्या डिसेंबरात यूट्यूबवर शंभर कोटी वेळा पाहिला गेलेला पहिला व्हिडिओ ठरला, त्यात घोडदौडीच्या त्या एका नकलेचा वाटा किती होता हे वेगळे सांगायला नको. अमेरिकन कंट्री संगीतात याउलट शब्द महत्त्वाचे असल्याने तिथला व्हिडिओ सरळ गोष्ट सांगतो. घराची ओसरी, शेत आणि मालवाहू गाडी यांच्यापलीकडे तो सहसा जात नाही.

आता तुमच्या तीन गाण्यांकडे येतो. रॅपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या १९७३ च्या सुमाराच्या वस्तीतल्या मेजवान्यांमधला आहे, आणि ‘मी कुठला’ हे सांगितल्याशिवाय रॅप पुढे सरकत नाही. म्हणून रॅपच्या व्हिडिओत गायक थेट भिंगात पाहून बोलतो, हात बोलत असतात, पाठीमागे मित्रांचे टोळके असते आणि त्यांच्याही मागे ती वस्ती असते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत महागड्या गाड्या आणि झगमगाट यांची दुसरी रीत आली. हाइप विल्यम्स या दिग्दर्शकाच्या रुंद, कडा वाकवणाऱ्या भिंगाने ती जगभर नेली. आपल्याकडे २०१५ च्या सुमारास मुंबईच्या डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांनी पुन्हा गल्लीच निवडली, आणि माझ्या मते ते शहाणपणाचे होते. तुमचे रॅप पाण्यावर आहे. २०१६ च्या एप्रिलात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते तुमच्यापासून फार लांब नाही. भाड्याची गाडी आणि पितळेची साखळी या गाण्यात घातलीत, तर ऐकणारा तुमच्या पहिल्या ओळीलाच हसेल. टँकर आल्यावर नळीभोवती लागलेली घागरींची रांग, पाणी संपत आल्यावर टँकरच्या तळाशी लावलेले पातेले, कोरड्या आडाच्या काठावर दोराने पडलेल्या खाचा, हे दृश्यधन तुमच्याकडे फुकट आहे. कॅमेरा गायकाच्या छातीच्या उंचीवर, जवळ आणि किंचित हलता ठेवा. ड्रोनने वरून पाहिले की वस्ती नकाशासारखी दिसते, आणि नकाशाला राग येत नाही.

भीमगीताचे तर्कशास्त्र याहून अगदी वेगळे आहे. त्याच्या मागे आंबेडकरी जलशांची, म्हणजे बाबासाहेबांचा विचार गाण्यांतून लोकांपुढे मांडणाऱ्या कार्यक्रमांची, परंपरा आहे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारखे कवी-गायक गावोगाव उभे राहून गायले, आणि त्यांच्यासमोर समाज होता. तिथे गाणारा ‘मी’ म्हणाला तरी ऐकणाऱ्याला ‘आपण’ ऐकू येते. त्यामुळे भीमगीताच्या व्हिडिओत गायकाइतकाच, किंबहुना त्याच्यापेक्षा अधिक, त्याच्यासमोरचा माणूस दिसावा लागतो : ध्रुपद उचलून धरणारा कोरस, टाळी वाजवणारी आजी, वडिलांच्या खांद्यावर बसलेले पोर. बाबासाहेबांची तसबीर, निळे झेंडे, बुद्धविहार ही या प्रकाराची ठरलेली चिन्हे आहेत आणि त्यांचा संकोच वाटून घेण्याचे कारण नाही. आपल्या भागाला तर आणखी एक चिन्ह लाभले आहे. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार होऊन त्याला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. तेव्हापासून त्या तारखेला छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर माणसांची दाटी होते. ती कमान नुसती दिसली तरी इथल्या श्रोत्याला एक अख्खा लढा आठवतो. या गाण्यात गायकाला एकटा टेकडीवर उभा करून भोवती ड्रोन फिरवणे, हे मी अलीकडे वारंवार पाहतो, आणि दर वेळी वाटते, की माणसे सोडून हा गृहस्थ तिथे चढलाच कशाला.

प्रेमगीताविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याची रीत सर्वांना पाठ आहे. आपल्याकडे व्हिडिओच्या कितीतरी आधी चित्रपटगीत होते, आणि चित्रपटगीतात गाणारा एक आणि ओठ हलवणारा दुसरा, हे १९३५ पासून प्रेक्षकाने मान्य केलेले आहे. म्हणून तुमच्या गायकाने प्रेमगीतात दिसलेच पाहिजे असे नाही. लग्नाच्या शूटिंगचा अनुभव असलेल्या माणसाच्या हाती हे गाणे निर्धास्तपणे द्या. मंद हालचाल, मावळता उजेड आणि ज्वारीची ताटे यांची त्याला सवय असते. फक्त एक तांत्रिक गोष्ट आधी विचारून घ्या. मंद हालचालीतही ओठ शब्दांशी जुळायला हवे असतील, तर चित्रीकरणाच्या वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवून नायकाला त्या वेगात ओठ हलवायला लावतात, सेकंदाला पन्नास चौकटी (फ्रेम) घेतात आणि मागाहून त्या पंचवीसच्या वेगाने दाखवतात. मग ओठ नेमके जुळतात आणि बाकीचे अंग पाण्यात असल्यासारखे हलते. हे ठाऊक नसलेला माणूस साध्या वेगात घेतलेले दृश्य मागाहून ताणतो, आणि नायक जांभई देत गातो आहे असे दिसू लागते.

आणखी एक : तिन्ही गाण्यांत ओठ नुसते हलवू नका, खरोखर मोठ्याने गा. गळ्याची शीर ताणली गेली नाही, तर मोबाइलच्या लहानशा पडद्यावरही ते लक्षात येते. यासाठी मोठा स्पीकर न्या. मोटारसायकलच्या सीटवर ठेवलेला छोटा स्पीकर वारा सुटला की ऐकू येत नाही आणि गायक अर्धी मात्रा मागे पडतो.

प्रश्न : आजच्या व्हिडिओंत दृश्य डोळ्यांत भरण्याआधीच बदलते. जुन्या लावण्यांचे नवे व्हिडिओ पाहताना तर मला भोवळ येते. हा केवळ काळाचा परिणाम मानावा का?
– एक निवृत्त शिक्षिका, हिंगोली

उत्तर : काळाचा आहे, पण त्याहून अधिक तो चुकीच्या उसनवारीचा आहे. पॉप आणि नृत्यसंगीतात ठेक्यावर दृश्य तोडणे योग्यच ठरते, कारण तिथे ठेका हाच ऐकणाऱ्याचा आनंद असतो. ढोलकीचा ठेका त्याहून जलद आणि भरगच्च, म्हणून संकलन करणाऱ्याला मोह होतो, की प्रत्येक थापेवर एक तुकडा लावावा. परंतु लावणीचा, त्यातही बैठकीच्या लावणीचा, प्राण अदाकारीत असतो : एकच ओळ चार वेळा म्हणायची आणि दर वेळी भुवई, मनगट, पदर यांनी तिचा अर्थ फिरवायचा. पहिली अदा सुरू होऊन दुसरीकडे वळेपर्यंत दृश्य तुटले, तर ओळ चार वेळा का म्हटली हेच कळत नाही. अशा वेळी कॅमेऱ्याने गप्प बसून पाहावे. पॉपमध्येसुद्धा हे कुणी केले नाही असे नाही. आयर्लंडची गायिका शिनेड ओकॉनर हिच्या १९९० च्या सर्वांत गाजलेल्या व्हिडिओत बराचसा वेळ पडद्यावर तिचा चेहराच आहे, आणि शेवटी शेवटी तिच्या गालावरून अश्रू ओघळतात.

प्रश्न : आम्ही परंपरेने गोंधळ घालतो. आमच्या गोंधळाचा व्हिडिओ केला, तो सर्वांना ‘रिमिक्स’सारखा वाटला. गाण्यात आम्ही काहीही बदल केलेला नव्हता.
– एक वाचक, तुळजापूर

उत्तर : तुम्ही सोबत पाठवलेला व्हिडिओ पाहिला. गाणे अस्सल आहे. गोंधळ प्रकाशाने घातला आहे. निळे-जांभळे दिवे आणि धूर ही नाचाच्या कार्यक्रमाची खूण असल्याने पाहणाऱ्याचे कान आधीच तशा गाण्याची अपेक्षा धरतात. गोंधळ रात्रीचा असतो आणि दिवटी हा त्यातला स्वाभाविक उजेड. हल्लीचे कॅमेरे दिवटीच्या जवळ पुरेसे पाहू शकतात, मागे एखादा मंद पिवळा दिवा ठेवला की झाले. दुसरे म्हणजे संपूर्ण व्हिडिओत संबळ वाजवणाऱ्याचे हात एकदाही दिसत नाहीत. कमरेला बांधलेल्या त्या दोन असमान भांड्यांवर टोकाशी वाकलेली काठी कशी पडते, ते पाहायला मी तरी थांबलो असतो. पुढच्या वेळी एक कॅमेरा गोंधळासाठी मांडलेल्या पूजेच्या चौकाजवळ जमिनीवर, संबळाच्या पातळीला, मांडून ठेवा आणि जागरण संपेपर्यंत हलवू नका.