मालेगावचा सिनेमा अभ्यासायचा कसा?

प्रश्न : मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. लघुप्रबंधासाठी मालेगावात बनणारे चित्रपट हा विषय घ्यावा, असे माझ्या मनात आहे. मार्गदर्शकांचे मत असे की, हे चित्रपट म्हणजे गाजलेल्या हिंदी चित्रपटांची विनोदी नक्कल, शिवाय ते मराठीतही नाहीत. त्यामुळे ‘प्रादेशिक चित्रपट’ या शीर्षकाखाली ते बसणार नाहीत. हे बरोबर आहे का? विषय घेतलाच, तर सुरुवात कोठून करावी?
— एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : विषय अवश्य घ्यावा. भाषेची शंका आधी बाजूला करू. प्रादेशिक चित्रपट म्हणजे राज्यभाषेतील चित्रपट, ही सरकारी पुरस्कारांच्या सोयीची व्याख्या झाली. 1857 नंतर उत्तरेकडून येऊन मालेगावात स्थिरावलेल्या विणकरांची उर्दू, तिच्यात मिसळलेली दखनी आणि खानदेशी बोलीची लकब, ही त्या गावची बोली आहे आणि पडद्यावर तीच ऐकू येते. याहून अधिक प्रादेशिक ते काय असणार?

‘नक्कल’ या आक्षेपाकडे मात्र सावकाश पाहायला हवे. व्हिडिओ पार्लर (तिकीट लावून पडद्यावर व्हिडिओ चित्रपट दाखवण्याची छोटी जागा) चालवणारे शेख नासिर यांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ केला, तेव्हा खर्च सुमारे 50,000 रुपये होता, असे सांगितले जाते. मूळ चित्रपटातील आगगाडीच्या जागी बस आली आणि डाकूंच्या घोड्यांच्या जागी सायकली. पैसा नव्हता हे खरे, पण घोडा परवडत नाही ही गोष्ट न लपवता तिचाच विनोद करायचा, ही दृष्टी त्या दिग्दर्शकाची आहे. आणि पडद्यावरचा डाकू आपल्यासारखाच सायकल हाणताना पाहून हसणारा प्रेक्षक मूळ चित्रपटाच्या भव्यतेलाही थोडा हसत असतो. विडंबन हे मूळ कृतीचे एक वाचन असते. ‘मालेगाव का सुपरमॅन’मध्ये अतिमानव आला तो तंबाखूच्या व्यसनाशी आणि घाणीशी लढायला, आणि त्याची भूमिका यंत्रमागावरच्या कामगाराने केली, हे लक्षात घेतले म्हणजे नक्कल कोठे संपते ते दिसू लागते.

सुरुवात शुक्रवारपासून करा, असे मी सुचवेन. मालेगावचे यंत्रमाग पाळ्यांत चालतात आणि शुक्रवारी बंद असतात. पार्लरमधली गर्दी त्या सुटीशी बांधलेली होती. म्हणून केवळ चित्रपटांच्या कथा तपासून भागणार नाही. तिकीट किती होते, बाकडी कशी होती, एकेक चित्रपट किती आठवडे चालला, कोणत्या वाक्याला हशा पिकला, हे जुने पार्लरचालक आणि निवृत्त कामगार यांना विचारावे लागेल. स्त्रियांचा प्रश्न वेगळ्या प्रकरणाइतका मोठा आहे. या चित्रपटांत नायिकेच्या भूमिकेसाठी बाहेरगावच्या अभिनेत्री आणल्या जात. मग गावातील स्त्रिया हे चित्रपट पाहत होत्या का, पाहत असल्यास कोठे आणि कोणाबरोबर? आपण स्त्री असल्यामुळे ज्या घरांत पुरुष संशोधकाला बैठकीच्या खोलीपुढे जाता येत नाही, तेथे आपल्याला बोलता येईल.

साहित्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना 1964) जरूर जा, पण तेथे मुख्य प्रवाहाचाच इतिहास अधिक मिळेल. व्हीसीडीवर आलेला सिनेमा कपाटांत, भंगारात आणि कोणाच्या तरी जुन्या संगणकात शिल्लक असतो. जे हाती लागेल त्याची प्रत आणि वेष्टनाचे छायाचित्र मालकाच्या परवानगीने घेऊन ठेवा.

एक मोह टाळायला हवा. मालेगावच्या चित्रपटांवर 2008 साली एक उत्तम माहितीपट आला आणि 2024 साली त्याच कथेवर हिंदी चित्रपटही आला. दोन्ही अवश्य पाहा. मात्र त्या बाहेरून आलेल्यांनी सांगितलेल्या गोष्टी आहेत आणि जिद्दी, गरीब, भाबडा कलाकार ही प्रतिमा बाहेरच्या प्रेक्षकाला फार आवडते. (2006 आणि 2008 च्या बॉम्बस्फोटांखेरीज ज्या गावाबद्दल फारसे काही छापून येत नव्हते, त्याला ही प्रतिमा सोयीची वाटली असेल, तर तेही समजण्यासारखे आहे.) याच लोकांनी भाडे, उधारी, पायरसी आणि वितरकाशी घासाघीस यांचा हिशेबही सांभाळला होता, आणि तो हिशेब आपल्या प्रबंधात यायला हवा.

‘समकालीन’ हा शब्द शीर्षकात ठेवणार असाल, तर यूट्यूब टाळता येणार नाही. खानदेशातील ‘छोटू दादा’च्या विनोदी चित्रफिती कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या आहेत. पार्लरमधला प्रेक्षक शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून हसत असे. मोबाइलवरचा प्रेक्षक कदाचित दुसऱ्या राज्यात किंवा आखाती देशात असतो आणि त्याला मालेगावची मोसम नदी कोणती हे ठाऊकही नसते. अशा वेळी विनोदातला गाव कितपत टिकतो, हे पाहण्यासाठी जुना एक चित्रपट आणि आजच्या पाच-सहा चित्रफिती शेजारी ठेवून त्यांतील बोली, जागा आणि स्थानिक संदर्भ मोजा. लघुप्रबंधाच्या आवाक्यात एवढेच बसेल. मार्गदर्शकांपुढे जाताना हा आराखडा आणि दोन मुलाखतींची टिपणे बरोबर न्या.