कोल्हापूरहून पन्हाळा आणि पुढे मसाई पठार ग्रॅव्हल सायकलने (कच्च्या रस्त्यांवर चालणारी, रुंद टायरची सायकल) करायचं आहे. टायर किती रुंद घ्यावा आणि हवा किती ठेवावी?

४० ते ४५ मिमीचा ट्यूबलेस टायर घ्या. वजन ७० किलोच्या आसपास असेल तर पुढे ३० आणि मागे ३३-३५ पीएसआय हवा पुरते. पन्हाळ्यापर्यंत डांबरी घाट आहे, तिथे ही हवा थोडी कमी वाटेल, पण पठारावर तीच हवी. मसाईचं पठार जांभ्या दगडाचं. जांभा खडबडीत, कडांना धारदार आणि वर बारीक सुटे खडे. हवा जास्त असेल तर चाक खड्यांवरून घसरतं, फार कमी असेल तर कड लागून रिम आपटतो. ट्यूब वापरत असाल तर ५ पीएसआय वाढवाच, नाहीतर रिम आणि दगडात चिमटून ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात.

जांभ्यावर टायर फाटतो तो बहुतेक बाजूने, आणि तो काप सीलंटने, म्हणजे भोकं बुजवायला ट्यूबलेस टायरच्या आत घातलेल्या द्रवाने, बुजत नाही. म्हणून सोबत प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी), एक ट्यूब आणि आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा ठेवा. सीलंट आपल्याकडच्या उन्हात लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी चाक हलवून ते आत अजून पातळ आहे का बघा.

हे सगळं कोरड्या दिवसांसाठी, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, तिथे कुठलाच टायर टिकाव धरत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात पठार फुलांनी भरलेलं असतं. तेव्हा मळलेली वाट सोडून चाक बाहेर घालू नका, कृपा करून.